समुद्र न पाहता केलेली नौदलाची नोकरी

नौदलातल्या माणसाच्या युद्धाच्या आठवणी म्हटल्या की ऐकणारा वादळ, तोफा आणि दूरदेशीची बंदरे यांची वाट पाहू लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या स्त्री-शाखेत भरती झालेल्या बहुतेक मुलींच्या आठवणींत यांतले काहीच सापडत नाही. त्यांच्या बोलण्यात येतात ती तळघरे, टेलिप्रिंटरची खडखड, पहाटे तीन-चारच्या सुमाराला डोळ्यांवर येणारी झापड आणि वर उजाडले की नाही हे कळायची सोय नसलेल्या खोल्या. समुद्र त्यांनी पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात, लिनोलियमच्या जमिनीवर खडूने आखलेला, किंवा पाहिलाच नाही. तरीही अटलांटिक महासागरातल्या लढाईचा मोठा भाग त्यांच्या हातांखालून गेला. आपल्या हातांखालून नेमके काय जात आहे, हे त्यांच्यापैकी कोणाला किती ठाऊक होते, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या डोक्यात घोळत आहे.

या विषयाकडे मी वळले ते माझ्या स्वतःच्या नोकरीमुळे. मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, मी ऑपरेटर होते, तेव्हा डोक्याला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि पुढ्यात कॉलच्या तिकिटांची चळत असे. लग्न ठरल्याच्या आणि माणूस गेल्याच्या बातम्या आमच्याच हातांनी जोडल्या जात, आणि त्यांतले एक अक्षरही आमच्या कानी पडले नाही असे समजून वागायचे, अशी त्या नोकरीची अट होती. निवृत्तीनंतर लेकीकडे इंग्लंडला जाणे-येणे सुरू झाले आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकण्याचा नाद लागला. इतिहासाचा माझा अभ्यास बेताचाच आहे, पण रात्रपाळी केलेली बाई खरे सांगते आहे की ऐकीव, हे मला चटकन कळते.

या शाखेचे नाव ‘विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिस’, आणि तिच्यातल्या मुलींना सगळे ‘रेन’ म्हणत. पहिल्या महायुद्धात १९१७ साली ती स्थापन झाली, १९१९ मध्ये बंद झाली आणि १९३९ मध्ये व्हेरा लॉटन मॅथ्यूज यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उभी राहिली. भरतीच्या आवाहनाचा सूर असा होता की तुम्ही या, म्हणजे एक पुरुष जहाजावर जायला मोकळा होईल. म्हणजे त्याने सोडलेल्या खुर्चीवर बसून त्याचे काम निभावायचे, एवढीच सुरुवातीची अपेक्षा होती. स्वयंपाक, वाढप, टंकलेखन आणि मोटार चालवणे ही पहिली कामे. पुढे रेडिओ दुरुस्त करणे, पाणतीर तपासणे, सांकेतिक संदेश उलगडणे, नकाशावर जहाजांच्या जागा मांडणे असे करत करत कामांची यादी वाढत गेली आणि १९४४ पर्यंत या मुलींची संख्या सुमारे ७५ हजारांवर पोहोचली.

नौदलाची एक गंमतीची रीत अशी की किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचेच नाव द्यायचे आणि तिथे जहाजावरचीच भाषा बोलायची. लिव्हरपूलचा तळ ‘एचएमएस ईगलेट’, बेलफास्टचा ‘एचएमएस कॅरोलाइन’. नव्या मुलींना जिथे आणून टाकत, ती काही प्रशिक्षण केंद्रे तर समुद्रापासून चांगलीच आत होती. तिथे झोपायच्या खोलीला केबिन आणि जमिनीला डेक म्हणायचे, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, आणि फाटकाबाहेर पडून गावात चहा प्यायला जायचे म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणे’. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत बायका हे हसत हसत सांगतात, आणि त्यापाठोपाठ त्या डेकवर गुडघे टेकून केलेल्या घासपुशीची तक्रारही करतात. गणवेशाबद्दल त्यांची मते तर ठाम असतात. जाड काळे मोजे कोणालाच आवडले नव्हते. सुरुवातीची मऊ गोल टोपी शाळकरी पोरीसारखी दिसते अशी सर्वत्र कुरकुर होती, ती १९४२ मध्ये बदलून खलाशी टोपी आली तेव्हा सगळ्या खूश झाल्या. अधिकारी स्त्रियांची तीनकोनी टोपी इतकी रुबाबदार होती की केवळ तिच्यापायी नौदल निवडल्याचे पुष्कळ जणी कबूल करतात. मला यात उथळपणा दिसत नाही. विशीतल्या मुलीने युद्धात जायचे ठरवावे आणि टोपी बघून कोणत्या दलात जायचे ते ठरवावे, यात तिचा धीरच दिसतो.

लिव्हरपूलच्या रमफर्ड स्ट्रीटवर डर्बी हाउस नावाची इमारत आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये ‘वेस्टर्न ॲप्रोचेस’ या नौदल विभागाचे मुख्यालय प्लिमथहून इथल्या तळघरात आले, आणि अटलांटिकमधल्या काफिल्यांच्या, म्हणजे एकत्र जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या तांड्यांच्या, रक्षणाचा कारभार युद्ध संपेपर्यंत इथूनच चालला. आता तिथे संग्रहालय आहे. सात फूट जाडीच्या काँक्रीटच्या छताखाली जिना उतरून गेले की दोन मजले उंचीची एक खोली लागते आणि तिच्या एका भिंतीवर अटलांटिकचा अवाढव्य नकाशा दिसतो. मुली शिडीवर चढून त्यावर काफिल्यांच्या, रक्षक जहाजांच्या आणि पाणबुड्यांच्या खुणा सरकवत. मी तिथे गेले तेव्हा नकाशापेक्षा त्या शिडीकडेच जास्त वेळ पाहत उभी होते. स्कर्ट आणि ते जाड मोजे घालून, हातात खुणा घेऊन, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी तेवढ्या उंचीवर चढायचे, आणि खाली काचेमागच्या खोलीतून ॲडमिरल पाहत असताना अचूक अक्षांश-रेखांशावर खूण लावायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

नकाशावरची माहिती यायची कशी, तेही समजून घेण्यासारखे आहे. आपले काफिले कुठे असतील, हे त्यांचा मार्ग आणि वेग यांवरून हिशेबाने मांडता येत असे, कारण शत्रूला सुगावा लागू नये म्हणून काफिले बिनतारी यंत्रावर शक्यतो बोलतच नसत. जर्मन पाणबुड्यांना मात्र बोलावे लागे. त्या पाणबुड्यांचा प्रमुख ॲडमिरल ड्योनिट्झ याची पद्धतच अशी होती की एका पाणबुडीला काफिला दिसला की तिने मुख्यालयाला कळवायचे, मुख्यालयाने आसपासच्या बाकीच्या पाणबुड्यांना तिथे धाडायचे, आणि रात्री सगळ्यांनी मिळून तुटून पडायचे. तो संदेश काही क्षणांचा असला तरी किनाऱ्यावरची दोन-तीन वेगवेगळी केंद्रे त्याची दिशा पकडत, आणि त्या दिशांच्या रेषा नकाशावर जिथे एकमेकींना छेदत तिथे पाणबुडीची खूण लागे. ती खूण लावणारी मुलगी त्या काफिल्याच्या कप्तानापेक्षा कितीतरी जास्त जाणत असे. त्याला पुढच्या अंधारात काय आहे ते ठाऊक नसे, आणि हिला चहाचा कप हातात असताना ते दिसत असे.

हे जाणणे किती जड जाऊ शकते, ते क्रिश्चन लँब यांच्या आठवणींतून कळते. १९२० साली जन्मलेल्या या बाई नौदल अधिकाऱ्याच्या कन्या, माहेरचे आडनाव ओल्डम. युद्धाच्या मध्यावर त्या बेलफास्ट कॅसलमधल्या नियंत्रण कक्षात नकाशावर जहाजांच्या जागा मांडण्याचे काम करत होत्या, आणि तिथे असतानाच त्यांचे जॉन लँब यांच्याशी लग्न ठरले. जॉन हे ‘ओरिबी’ या विनाशिकेवर फर्स्ट लेफ्टनंट होते. एप्रिल १९४३ च्या अखेरीस ‘ओएनएस ५’ नावाचा संथ काफिला ब्रिटनहून उत्तर अमेरिकेकडे निघाला, वादळात विस्कळीत झाला, आणि चाळीसच्या आसपास पाणबुड्या त्याच्या वाटेवर जमल्या. मदतीला धाडलेल्या जहाजांत ‘ओरिबी’ होती. म्हणजे समोरच्या नकाशावर सरकणाऱ्या खुणांपैकी एका खुणेत होणारा नवरा होता, आणि त्या खुणेभोवती पाणबुड्यांच्या खुणा दाटत चालल्या होत्या.

त्या आठवड्यात तेरा व्यापारी जहाजे बुडाली आणि सहा पाणबुड्याही बुडाल्या. सहा मेच्या पहाटे दाट धुक्यात ‘ओरिबी’ने यू-१२५ या पाणबुडीला थेट धडक दिली, आणि पुढच्या टोकाची मोडतोड झालेल्या अवस्थेत ते जहाज न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स बंदराकडे गेले. अशा वेळी नकाशापाशी बसलेल्या मुलीने काय करायचे असते? आलेला संदेश वाचायचा, वेळ टिपायची, खूण सरकवायची आणि पुढचा संदेश हातात घ्यायचा. रडायला पाळी संपेपर्यंत सवड नसते आणि पाळी संपल्यावर घरी कोणाला सांगायची मुभा नसते. महिनाअखेरीस, २४ मे रोजी, ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. लँब दांपत्याचे लग्न त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाले.

पुढे त्यांची बदली लंडनला व्हाइटहॉलमध्ये झाली आणि नॉर्मंडीच्या चढाईचे नकाशे करण्याचे काम त्यांच्याकडे आले. किनाऱ्याला लागणाऱ्या होड्यांच्या सुकाणूवर बसलेल्या माणसाला समुद्रातून पाहताना काय दिसेल, कोणता चर्चचा मनोरा, कोणता रस्ता, कोणती रेल्वे, हे सगळे त्या मोठ्या नकाशावरून काढून मांडत, म्हणजे आपण नेमके कुठे आलो हे त्याला ओळखता यावे. सहा जून २०२४ रोजी, चढाईला ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी व्हेर-सुर-मेर इथल्या समारंभात त्यांना लेजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्या तेव्हा १०३ वर्षांच्या होत्या.

लँबबाईंना सगळे दिसत होते, पण त्यात हात घालता येत नव्हता. डर्बी हाउसच्याच इमारतीत, पण तळघराऐवजी अगदी वरच्या मजल्यावर, काही मुली याच्या नेमके उलट काम करत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला तिथे पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शोधायला पाठवले. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केले होते, युद्धामुळे परत बोलावले. त्यांच्या हाताखाली नेमण्यासाठी पुरुष शिल्लक नव्हते, म्हणून रेन मुली दिल्या. बहुतेक विशीच्या आसपासच्या, गणितात चांगल्या, आणि समुद्रावर कधी पाऊल न टाकलेल्या. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यांतली दोन नावे आता बऱ्यापैकी परिचित झाली आहेत.

त्यांनी खोलीच्या जमिनीवर समुद्र मांडला. तपकिरी लिनोलियमवर चौकटी आखल्या, काही इंचांचा एक सागरी मैल धरला, आणि चारी बाजूंना कॅनव्हासचे पडदे लावून त्यांना लहान झरोके पाडले. शिकायला येणारे नौदल अधिकारी पडद्याबाहेर उभे राहत, म्हणजे रात्रीच्या वेळी जहाजाच्या ब्रिजवरून जेवढे दिसेल तेवढेच त्यांना दिसे. रक्षक जहाजांचा माग पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीचा हिरव्या खडूने काढत, कारण झरोक्यातून तिरपे पाहणाऱ्याला त्या तपकिरी जमिनीवर हिरवा खडू दिसत नसे. ही हिरव्या खडूची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या लढाईएवढा. अधिकाऱ्याने चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, मुलीने ती चिठ्ठी आत नेऊन जहाज हलवायचे, गुडघ्यांवर रांगत खडूची रेघ ओढायची, अंतर मोजायचे आणि पुढचा डाव.

याच जमिनीवर त्यांच्या लक्षात आले की पाणबुड्या दुरून पाणतीर सोडत आहेत हा समजच चुकीचा होता. त्या रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने काफिल्याच्या रांगांमध्येच शिरत होत्या, आतून मारा करत होत्या, आणि मग पाण्याखाली बुडी मारून काफिला डोक्यावरून पुढे जाऊ देत होत्या. रक्षक जहाजे मात्र शत्रूला शोधायला बाहेरच्या अंधारात धावत. मग त्याला उत्तर म्हणून सगळ्या रक्षकांनी ठरलेल्या रीतीने आत वळून काफिल्याच्या आसपासचाच पट्टा पिंजून काढायचा, असा डाव रचला गेला. लेडलॉने त्याला ‘रास्पबेरी’ हे नाव सुचवले, कारण ओठांनी टवाळीचा आवाज काढून वाकुल्या दाखवण्याला इंग्रजीत याच फळाचे नाव आहे, आणि हा डाव म्हणजे हिटलरला दाखवलेली वाकुली. पुढच्या डावांनाही अननस वगैरे नावे पडली.

आठवडाभराचे असे वर्ग युद्ध संपेपर्यंत चालले आणि सुमारे पाच हजार अधिकारी तिथून शिकून गेले. अटलांटिकच्या लाटा खाऊन रापलेले, दाढीवाले कप्तान आपल्या मुलीच्या वयाच्या पोरीकडून आपण कुठे चुकलो हे ऐकून घेत होते, आणि मुली तेही अदबीने, ‘सर’ म्हणून सांगत. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन नोव्हेंबर १९४२ मध्ये या विभागाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धातले ते नामांकित पाणबुडी-कप्तान. ते स्वतः पाणबुडी होऊन खेळायला बसले आणि पाच वेळा बुडाले. पडद्यापलीकडे आपल्याला कोण बुडवते आहे हे विचारल्यावर त्यांना ओकेलकडे बोट दाखवण्यात आले. हा प्रसंग सांगणारे सगळे जण तो हॉर्टनसाहेबांची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात त्यांचा मोठेपणा दिसतो, कारण एकदा हरल्यावर पुन्हा पुन्हा खेळायला बसणे हे अधिकाराच्या खुर्चीवरच्या माणसाला सहसा जमत नाही. माझ्या नोकरीत तरी असे साहेब मी क्वचितच पाहिले.

प्रत्यक्ष समुद्राशी काहींची गाठ पडली ती बदलीच्या प्रवासात, आणि ती वाईट पडली. १९ ऑगस्ट १९४१ रोजी लिव्हरपूलहून जिब्राल्टरला निघालेले ‘अगिला’ हे जहाज पाणबुडीने बुडवले. त्यावर एकवीस रेन आणि नौदलाची एक परिचारिका होती. बावीसपैकी एकही वाचली नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी बिनतारी संदेश टिपणाऱ्या, म्हणजे शत्रूच्या पाणबुड्यांचे बोलणे ऐकणे हेच ज्यांचे काम, अशा होत्या.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड. या मुलींना आपण काय करतो आहोत हेच सांगितलेले नव्हते. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात, जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे संदेश फोडण्यासाठी ट्युरिंग आणि वेल्चमन या गणितज्ञांनी घडवलेली ‘बॉम्ब’ नावाची यंत्रे चालवायला सतराशेच्या आसपास रेन मुली नेमल्या होत्या. युद्धाच्या अखेरीस अशी सुमारे दोनशे यंत्रे होती, बहुतेक लंडनच्या वायव्येला ईस्टकोट आणि स्टॅनमोर इथे. भरतीच्या वेळी मुलींना सांगत की काम गुप्त आहे, कंटाळवाणे आहे, बढतीची आशा धरू नका आणि एकदा आत आलात की बदली मागता येणार नाही. हे ऐकूनही त्या ‘हो’ म्हणत, कारण नाही म्हणायला नेमके कशाला नाही म्हणायचे तेच कळत नव्हते. काहींची राहण्याची सोय वोबर्न ॲबीसारख्या सरदारी वाड्यात केलेली होती. वाडा भव्य, थंडी मात्र कडाक्याची.

यंत्र साडेसहा फूट उंच, सात फूट लांब, वजनाला टनभर. पुढच्या बाजूला १०८ फिरते ड्रम, मागच्या बाजूला जाड केबल आणि प्लगांचे जंगल. ते जंगल पाहिल्यावर मला आमचा ट्रंक बोर्डच कोणी उलटा करून ठेवला आहे असे वाटले. ब्लेचलीहून ‘मेनू’ नावाचा आराखडा येई, त्याप्रमाणे मुलगी मागचे प्लग जोडी आणि पुढचे ड्रम चढवी. प्रत्येक ड्रमच्या मागे तारेचे बारीक बारीक ब्रश असत, आणि दोन केस जरी एकमेकांना चिकटले तरी शॉर्टसर्किट होऊन सगळी फेरी फुकट जाई. म्हणून मुली हातात चिमटा घेऊन, दिव्याखाली एकेक ड्रम धरून, तारेचा एकेक केस सरळ करत बसत. मुलाखतीत या चिमट्याचा उल्लेख येतोच येतो. युद्ध म्हणजे काय विचारले तर यांना बोटांत धरलेला चिमटा, बाहीवर उडालेले तेल आणि आठ तासांचा खडखडाट आठवतो. यंत्र थांबले की आलेली अक्षरे लिहून घ्यायची, पडताळायची आणि फोनवर कळवायची. बरोबर ठरले तर पलीकडून उत्तर येई की काम झाले, जोडणी उतरवा. कशाचे काम, कुठले काम, ते नाही.

ते काम काय होते हे कळले असते, तर ते त्यांना जन्मभर उपयोगी पडले असते असे मला वाटते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी चौथे चक्र असलेले एनिग्मा वापरायला घेतले आणि ब्लेचलीला त्यांचे संदेश वाचता येईनासे झाले. ऑक्टोबरच्या अखेरीस भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना लेफ्टनंट फॅसन आणि खलाशी ग्रेझियर तिच्यात उतरले, कागद वर देता देता तिच्याबरोबरच तळाला गेले, आणि कँटीनमधला टॉमी ब्राउन नावाचा पोरगा ते कागद घेऊन वाचला. त्या कागदांच्या आधाराने डिसेंबरमध्ये संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. म्हणजे ईस्टकोटमध्ये चिमट्याने ब्रश सरळ करणाऱ्या मुलीच्या पाळीमागे दोन माणसांचा जीव होता, तिच्या पाळीपुढे अटलांटिकमधला एखादा काफिला होता, आणि मधल्या तिला दोन्ही ठाऊक नव्हते.

युद्ध संपल्यावर यंत्रे मोडायलाही याच मुलींना बसवले. ज्या वायरी चिमट्याने जपल्या त्या सोडवून काढायच्या. आणि नंतर जवळजवळ तीस वर्षे, सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत, तोंड बंद. कित्येकींचे आईवडील, काहींचे नवरेही, आपली मुलगी किंवा बायको युद्धात कुठेतरी कारकुनी करत होती एवढेच समजून गेले. या गुप्ततेचे हल्ली फार कौतुक होते, पण मला त्यातला एक भाग पटत नाही. युद्धकाळात गुप्तता हवीच होती. पण त्यानंतर एवढी वर्षे, आपल्या आईला सुद्धा, ‘मी तिथे काय केले’ हे सांगू न देणे हे त्या मुलींच्या वाट्याचे श्रेय काढून घेणे झाले. पुरुष खलाशी पदके लावून फिरले, त्यांच्या गोष्टी ऐकायला लोक जमले. या मात्र बोलायला मोकळ्या झाल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती.

या सगळ्याचे एक टोक आपल्या मुंबईतही आहे. १९४२ मध्ये भारतात ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर’ स्थापन झाले आणि १९४४ मध्ये त्याची नौदल-शाखा ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ या नावाने उभी राहिली. हिंदी मुली, अँग्लो-इंडियन मुली, इथे राहणाऱ्या इंग्रज मुली त्यात होत्या, आणि हिंदी मुलींच्या गणवेशात साडी होती. इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात जून १९४५ मधले एक छायाचित्र आहे. त्यात स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या नौदल तळावर सेकंड ऑफिसर कल्याणी सेन साडी नेसून उभ्या आहेत, आणि सोबत त्यांच्या वरिष्ठ चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर आहेत. ब्रिटनला भेट देणाऱ्या पहिल्या हिंदी सेनादल-स्त्री म्हणून सेनबाईंची नोंद आहे. इंग्लंडमधल्या रेन मुलींचे प्रशिक्षण आणि कारभार कसा चालतो हे पाहण्यासाठी त्या गेल्या होत्या.

कुलाब्याला ‘एचएमआयएस तलवार’ हा संदेशवहनाचा तळ होता, आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचे बंड तिथूनच सुरू झाले, हे मराठी वाचकाला माहीत असते. त्याच्या आधी दहा दिवस तिथल्या ब्रिटिश प्रमुखाने हिंदी खलाशांना अर्वाच्य शिवीगाळ केली होती. त्याला निमित्त असे सांगितले जाते की बराकीवरून जाणाऱ्या नौदलाच्या मुलींना पाहून काही खलाशांनी शिट्ट्या घातल्या. बंडाच्या इतिहासात या शाखेतल्या मुली येतात त्या एवढ्याच, वाटेने चाललेल्या आणि बिननावाच्या. त्या कोण होत्या, कोणत्या पाळीवर निघाल्या होत्या, बंडाच्या त्या दिवसांत त्यांना कामावर जाता आले की नाही, आणि बराकीतल्या घोषणा ऐकताना त्यांच्या मनात काय चालले होते, यातले काहीही कोणी विचारलेले नाही.

न विचारण्याचे कारण समजण्यासारखे आहे. बेचाळीसच्या चळवळीत भाऊ तुरुंगात असलेल्या घरातली मुलगी इंग्रजांच्या नौदलात नोकरी करते, ही गोष्ट त्या वेळी मिरवण्याची नव्हती आणि स्वातंत्र्यानंतर तर अजिबातच नव्हती. ती शाखाही स्वातंत्र्याच्या सुमारास मोडली. वैद्यकीय विभाग सोडला तर भारतीय नौदलात स्त्रियांना अधिकारी म्हणून पुन्हा प्रवेश मिळायला १९९२ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत जुन्या बायकांना विचारायला फारसे कोणी उरले नव्हते. शिवाय त्यांचे कामही किनाऱ्यावरचे, कागदाचे, हेडफोनचे. ‘नौदलात होते पण जहाजावर गेले नाही’ असे सांगणाऱ्या बाईला आपल्याकडे पुढचा प्रश्न कोण विचारतो?

ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आत्या होती, त्यांनी जुन्या ट्रंका उघडून पाहाव्यात. कागद सापडले नाहीत तरी ऐकलेले आठवून पाहावे. नौदलाबद्दल मोठे प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, हे मुलाखती ऐकून मला कळले आहे. रात्रपाळीला ती कुठून कुठे आणि कशाने जायची, डबा कोण द्यायचे, पाळीवर शेजारच्या खुर्चीत कोण बसायचे, कोणत्या यंत्राला हात लावायची मनाई होती आणि पहिला पगार तिने कोणाच्या हातात ठेवला, एवढे आधी लिहून काढावे.